दाविदानें आपलें मन कसें सांवरिलें?

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय ३०, वचनें १ ते २५.

सिकलाग गांवची ही हकीकत आपण पुष्कळ वेळां वाचिली व ऐकिली असेल. दावीद व त्याचे सहाशें लोक तिसऱ्या दिवशीं आपल्या गांवीं परत येतात, तों गांव जळून राख झालेलें. अमालेकी लोकांनीं धाड घालून बायका, मुलगे व मुली ह्यांस धरून नेलें होतें. वाटेनें थकूनभागून आलेल्या त्या माणसांस ना चूल दिसली, ना चुलीपाशीं बसणारें कोणी दिसलें. ते मोठ्यानें रडले, आणि रडतां रडतां त्यांच्या अंगांत रडण्याचेंही त्राण उरलें नाहीं. मग त्या दुःखाचा राग झाला. ज्या पुढाऱ्याच्या मागें ते इतके दिवस रानोमाळ हिंडले, त्यालाच दगडमार करावा असें ते आपसांत बोलूं लागले.

दाविदाचें दुःख त्यांच्याहून कमी नव्हतें. त्याच्याही दोन्ही बायका धरून नेल्या होत्या. स्वदेशीं शौल राजा त्याच्या जिवावर उठलेला; पलिष्ट्यांच्या सरदारांनीं त्याचा भरंवसा न धरितां त्याला नुकतेंच परत लाविलें होतें; आणि आतां स्वतःचीं माणसें हातांत दगड घेण्याच्या बेतांत होतीं. अशा वेळीं त्यानें आपल्या देवाचा आधार धरून आपलें मन बळकट केलें, असा सहाव्या वचनाच्या शेवटल्या भागाचा भावार्थ आहे. ह्या लहानशा वाक्याच्या अलीकडे रडणें व दगड आहेत. पलीकडे प्रार्थना, पाठलाग, दया व न्याय आहे. त्या मधल्या क्षणीं काय घडलें, आणि तसें आपल्या घरीं व आपल्या मंडळींत कसें घडेल, ह्याचा आज आपण विचार करूं.

संकट आलें म्हणजे मनुष्याच्या देहांत काय होतें, तें प्रथम पाहूं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहान ग्रंथि आहे. भीति वाटली कीं ह्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल नांवाचे रस रक्तांत उतरतात. छाती धडधडूं लागते, तोंडास कोरड पडते, हातपाय ताठतात. वाट चालतांना लांडगा पुढें आला तर झुंजावें किंवा पळावें, ह्यासाठीं उत्पन्नकर्त्यानेंच ही सोय करून ठेविली आहे. परंतु आपल्या आजच्या संकटांस दांत व नखें नसतात. बँकेची नोटीस, कोर्टाची तारीख, मुलाची परीक्षा, चारचौघांत ऐकावा लागलेला टोमणा, ह्यांच्याशीं झुंजतांही येत नाहीं व त्यांच्यापासून पळतांही येत नाहीं. तरी देहांतील रस वाहतच राहतो. असें महिनोन्महिने चाललें म्हणजे झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं, आणि साध्या गोष्टीचाही निर्णय करवत नाहीं.

मनाचीही तशीच दशा होते. भ्यालेला मनुष्य संकटाकडे पाहत नाहीं, तो स्वतःकडेच पाहत राहतो. माझी लाज गेली, लोक मला काय म्हणतील, मी नालायक ठरलों, हेच विचार त्याच्या मनांत घोळतात. म्हणून कर्जाची नोटीस न उघडतां ट्रंकेच्या तळाशीं जाऊन पडते. तंबाखू सोडा असें डॉक्टरनें सांगितलें, तर त्या डॉक्टरवरच राग येतो. मंडळीच्या सभेंत कोणी हिशेब विचारिला, तर हिशेब चोख असूनही उपदेशकाचा आवाज चढतो. ह्या सर्व ठिकाणीं खरा घाव पैशावर किंवा प्रकृतीवर बसलेला नसतो. मी भला व कर्तबगार मनुष्य आहें, ह्या समजुतीवर तो बसलेला असतो. आणि ती समजूत राखण्याच्या धडपडींत मनुष्य खऱ्या संकटाकडे पाठ फिरवितो.

ही गोष्ट अमेरिकेंतील क्लॉड स्टील नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९८८ सालीं विस्तारानें मांडिली. त्याचें म्हणणें असें कीं, मनुष्याच्या मोलाची एक बाजू धोक्यांत आली असतां त्याला दुसऱ्या बाजूनें आधार देतां येतो. त्याला मनापासून जें प्रिय व पवित्र वाटतें, त्याची त्याला आठवण करून दिली म्हणजे तो स्थिर होतो, आणि जो धोका त्याला पाहवत नव्हता तो पाहण्यास तयार होतो. ह्याला आपण आत्मदृढीकरण म्हणूं. झोपडीची एक मेढ हालली म्हणून बायकामुलें ओरडूं लागतात. परंतु बाकीच्या मेढी शाबूत आहेत असें घरधन्यानें चाचपून पाहिलें म्हणजे तो बाहेर धांवत नाहीं. तो ती हाललेली मेढच दुरुस्त करावयास लागतो. तसेंच हें आहे.

पुढें विद्वानांनीं ह्याची पारख केली. जर्मनींत ट्रियर येथील विद्यापीठांत १९९३ सालीं एक परीक्षा ठरविण्यांत आली होती. मनुष्याला अनोळखी व गंभीर चेहऱ्याच्या परीक्षकांपुढें उभें करून भाषण करावयास लावावें. मग एका मोठ्या संख्येंतून तेरा तेरा वजा करीत मोठ्यानें उत्तरें सांगावयास लावावें. आणि चुकला कीं पुनः पहिल्यापासून आरंभ. ज्यांनीं मंडळीपुढें उभें राहून पहिल्यानें उपदेश केला आहे, त्यांस त्या मनुष्याच्या मनाची दशा सांगावयास नको! २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील डेव्हिड क्रेस्वेल व त्याच्या सोबत्यांनीं अशा परीक्षेच्या आधीं कांहीं विद्यार्थ्यांस त्यांना अत्यंत मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टीविषयीं विचार करावयास लाविलें; बाकीच्यांस कमी महत्त्वाच्या गोष्टीविषयीं. नंतर त्यांच्या लाळेंतील कॉर्टिसॉल मोजिलें, तों पहिल्यांच्या अंगांत तें कमी चढलें असें आढळून आलें. परीक्षा दोघांसही तीच होती व परीक्षकही तसेच कठोर होते. फरक इतकाच कीं, पहिले विद्यार्थी आपला आधार हातीं धरून आंत गेले.

२००६ सालीं आणखी एक शोध प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील एका शाळेंत सातव्या इयत्तेच्या मुलांनीं वर्गांत बसून सुमारें पाव तास, आपणांस काय मोलाचें वाटतें व कां वाटतें, ह्याविषयीं लिहिलें. जीं मुलें आफ्रिकी वंशाचीं होतीं, ज्यांच्या बुद्धीविषयीं त्या समाजांत जुना हीन समज रूढ आहे, त्यांच्या अभ्यासांत ह्यामुळें सुधारणा दिसून आली. पुढें इतर शाळांत हाच प्रयोग केला, तेव्हां सर्वत्र सारखें फळ आलें नाहीं. म्हणून हा कांहीं मंत्र किंवा ताईत नव्हे. तथापि ह्यांतील मर्म आपण ओळखावें. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजापणज्यांस गांवच्या पाणवठ्यावर पाय ठेवूं दिला जात नसे. तूं अमक्याच्या पोटचा, तुझ्यानें काय होणार, असें ज्याला लहानपणापासून ऐकावें लागलें, त्याच्या पाटीवर परीक्षेच्या प्रश्नाशेजारीं आणखी एक प्रश्न कायमचा लिहिलेला असतो. तो दुसरा प्रश्न पुसला गेला, तरच पहिल्याचें उत्तर सुचतें.

आतां कोणी म्हणेल कीं, उपाय सोपा आहे. रोज सकाळीं उठून, मी थोर आहें, मी शूर आहें, असें शंभर वेळां घोकावें! परंतु आत्मदृढीकरण म्हणजे आत्मस्तुति नव्हे. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत जोअन वुड हिनें व तिच्या सोबत्यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या शोधांत कांहीं जणांस, मी प्रेम करण्याजोगा मनुष्य आहें, असें पुनः पुनः मनाशीं म्हणावयास लाविलें. ज्यांचें मन आधींच खचलेलें होतें, त्यांस ह्यानें बरें वाटण्याऐवजीं अधिकच वाईट वाटलें. कारण उघड आहे. जिभेनें एक म्हणावें आणि अंतःकरणानें, हें खोटें आहे, असें उत्तर द्यावें, तर भांडण मिटावयाच्या ऐवजीं वाढतें.

पवित्र शास्त्रांत ह्याचें उदाहरण पेत्र आहे. प्रभूला धरून नेलें त्या रात्रीं, सर्व अडखळले तरी मी अडखळणार नाहीं, अशा अर्थाचें तो किती ठासून बोलला! तें त्याचें आत्मस्तुतीचें बोलणें होतें. कोंबडा आरवण्यापूर्वीं एका दासीच्या साध्या प्रश्नापुढें तें सगळें शौर्य कोसळून पडलें. आणि पुढें तिबिर्या समुद्राच्या कांठीं, कोळशांच्या विस्तवापाशीं, प्रभूनें त्याला कसें उभें केलें? योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय उघडून पाहा. तूं शूर आहेस काय, पुनः असें करणार नाहींस काय, असें प्रभूनें एकदांही विचारिलें नाहीं. तीन वेळां विचारिलें तें केवळ प्रीतीविषयीं. आणि प्रत्येक वेळीं उत्तर ऐकून घेऊन आपलीं मेंढरें त्याच्या हवालीं केलीं. बंधुजनहो, मनुष्य किती थोर आहे ह्याची आठवण त्याला तारीत नाहीं. तो कोणावर प्रीति करितो व कोणाचा आहे, ही आठवण त्याला तारिते. विद्वानांनीं आपल्या प्रयोगशाळेंत ज्या दाराशीं येऊन ठकठक केली, त्या दारांतून प्रभूनें पेत्राला कधींच आंत घेतलें होतें.

परूशी व जकातदार ह्यांच्या दृष्टांतांतही हाच भेद आहे. परूशानें मंदिरांत उभें राहून आपल्या उपासांची व दशमांशांची यादी वाचिली, आणि शेजारच्या मनुष्याकडे बोट दाखवून आपली उंची मोजिली. ज्याला स्वतःचें मोल ठरविण्यासाठीं दुसऱ्यास खालीं पाडावें लागतें, त्याचें मन बळकट झालेलें नाहीं. तें फुगलें आहे, आणि फुगलेली वस्तु टांचणीच्या टोंकानेंही फुटते.

तर मग मन खरोखर बळकट झालें, हें कशावरून ओळखावें? सिकलागच्या हकीकतीचा पुढला भाग वाचा. पहिलें फळ असें कीं, दाविदानें दगड घेणाऱ्यांवर तरवार उपसली नाहीं, व स्वतःची सफाईही मांडिली नाहीं. त्यानें अब्याथार याजकाकडून एफोद मागविलें आणि परमेश्वरास विचारिलें कीं, मी पाठलाग करूं काय? भ्यालेला मनुष्य विचारीत नाहीं. तो एकतर पळतो, नाहींतर ओरडतो. दुसरें फळ असें कीं, त्याचे डोळे उघडे राहिले. रानांत एक मिसरी दास पडलेला सांपडला. तो आजारी पडला म्हणून त्याच्या अमालेकी धन्यानें त्याला टाकून दिलें होतें. तीन दिवस व तीन रात्री त्याच्या पोटांत अन्नपाणी नव्हतें. ज्यांचीं स्वतःचीं मुलेंबाळें शत्रूच्या हातीं आहेत, असे लोक अशा परक्या दासाला ओलांडून धांवत सुटले असते तरी त्यांना कोण नांव ठेवणार? परंतु त्याला भाकर दिली, पाणी दिलें, अंजिरांची ढेप व द्राक्षांचे दोन घड दिले. आणि त्याच दासानें त्यांना शत्रूची वाट दाखविली. तिसरें फळ असें कीं, बसोर नाल्यापाशीं थकून मागें राहिलेल्या दोनशें लोकांस दाविदानें लुटींतील बरोबरीचा वांटा दिला. ह्यांना कांहीं देऊं नये, असें कांहीं दुष्ट लोक म्हणाले, तेव्हां त्यानें सामानाजवळ राहणारा व लढाईस जाणारा ह्यांचा वांटा सारखाच असा नियमच करून टाकिला.

ह्यांत आश्चर्य वाटण्यासारखें कांहीं नाहीं. २००८ सालीं जेनिफर क्रॉकर नांवाच्या विदुषीनें व तिच्या सोबत्यांनीं, मोलाच्या गोष्टीविषयीं लिहिल्यानें लोकांस काय वाटतें ह्याचा शोध प्रसिद्ध केला. त्यांना असें आढळलें कीं, लिहिणाऱ्यांच्या मनांत गर्व नव्हे, तर दुसऱ्यांविषयींचें प्रेम व जिव्हाळा जागा होतो; आणि त्यामुळेंच कडू सत्य ऐकण्यास ते कमी कचरतात. खरें आत्मबळ मनुष्याला आपल्याच भोंवतीं कुंपण घालावयास लावीत नाहीं; तें त्याला कुंपणाचें दार उघडण्याचें धैर्य देतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवा. ही तयारी संकटाच्या आधीं करावयाची असते. डेव्हिड शर्मन व त्याच्या सोबत्यांच्या २००९ सालच्या शोधांत, ज्या विद्यार्थ्यांनीं परीक्षेच्या आधींच्या आठवड्यांत आपल्या मोलाच्या गोष्टींविषयीं लिहिलें, त्यांच्या अंगांत परीक्षेच्या दिवशीं ॲड्रिनॅलिन वाढलेलें आढळलें नाहीं. इतरांच्या अंगांत तें वाढलें होतें. लोक आपणांस कमी लेखतील ही धास्ती ज्यांना अधिक, त्यांना लाभही अधिक झाला. आपल्या प्रभूच्या चरित्रांतील क्रमही असाच आहे. यार्देनेच्या पाण्यांत पित्यानें त्याला आपला प्रिय पुत्र म्हणून संबोधिलें, तें आधीं. अरण्यांतील चाळीस दिवस नंतर. आणि सैतानानें पहिला घाव घातला तो त्या पुत्रपणावरच. परंतु ज्यानें पित्याची वाणी आधीं ऐकिली होती, त्याला आपलें पुत्रपण सिद्ध करून दाखविण्यासाठीं दगडाची भाकर करण्याची गरज पडली नाहीं.

आतां हें करावें कसें? दिवसांतील एक शांत वेळ निवडावी. ज्याला लिहितां येतें त्यानें दहापंधरा मिनिटें वहींत लिहावें. ज्याला येत नाहीं त्यानें घरच्या माणसापाशीं सांगावें. देवानें दिलेल्या गोष्टींपैकीं मला अत्यंत मोलाची कोणती, ती कां, आणि ह्या आठवड्यांत मी तिला जागलों तो प्रसंग कोणता, एवढेंच. एखादी विधवा भगिनी सांगेल कीं, माझीं मुलें सत्यानें वाढावींत हें मला मोलाचें, म्हणून उसनें आणलेलें पीठ मीं शीग लावून परत केलें. एखादा शेतकरी सांगेल कीं, पाण्याची पाळी माझी असतां शेजाऱ्याचीं रोपें करपतांना पाहून मीं आधीं तिकडे पाणी सोडिलें, कारण शेजारधर्म मला प्रिय आहे. मग त्यासाठीं देवाचे आभार मानावे, कारण ती प्रीति त्यानेंच अंतःकरणांत पेरिली. आणि दुसऱ्या सकाळीं ट्रंकेच्या तळाची ती नोटीस काढून, उघडून, हातांत घेऊन बँकेची पायरी चढावी. कर्ज तेवढेंच असेल. परंतु कर्जदार आहें म्हणून मी कवडीमोल झालों नाहीं, हें जाणणारा मनुष्य साहेबापुढें सरळ उभा राहून मुदत मागूं शकतो. दाविदाचें मन बळकट झालें म्हणून तो राखेंत स्वस्थ बसून राहिला नाहीं. तो उठला, चालूं लागला, आणि जें नेलें होतें तें परत आणिलें. अन्याय होत असेल तेथें सहन करीत राहण्यासाठीं हा उपाय नाहीं; न्याय मागण्याचें बळ अंगीं यावें ह्यासाठीं आहे.

परंतु कांहीं घाव ह्याहून खोल असतात. आपल्या महाराष्ट्रांत कर्जानें व नापिकीनें गांजलेल्या कित्येक शेतकऱ्यांनीं आपल्या हातानें आपला जीव दिला आहे. त्यांची श्रद्धा उणी होती असें म्हणण्याचें पाप आपल्या तोंडून न घडो. ज्याला झोंप येत नाहीं, ज्याला जगणें नकोसें झालें आहे, त्याला मनन करा एवढेंच सांगून घरीं पाठवूं नये. त्याच्याजवळ बसावें, त्याला एकटें सोडूं नये, आणि त्याला दवाखान्यांत डॉक्टरकडे घेऊन जावें. थकलेल्या एलीयाला देवानें उपदेश करण्यापूर्वीं झोंप दिली, भाजलेली भाकर दिली व पाणी दिलें, हें विसरूं नये.

गांवोगांवच्या उपदेशक बंधूंस शेवटीं एक विनंति आहे. त्याच पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायांत, शौल दाविदाच्या शोधांत असतां योनाथान जीफाच्या रानांत त्याच्याकडे गेला, आणि देवाच्या ठायीं त्याचा हात बळकट केला, असें सांगितलें आहे. मूळ इब्री भाषेंत तेथें व सिकलागच्या वाक्यांत एकाच धातूचीं रूपें आहेत. आधीं मित्रानें येऊन बळकट केलें. पुढें मित्र जवळ नसतां दाविदाला स्वतःचें मन बळकट करितां आलें. आपल्या मंडळींतील प्रत्येक जण केव्हां तरी आपल्या सिकलागांत एकटा उभा राहणार आहे. त्या दिवशीं आपण त्याच्याजवळ असूं कीं नाहीं, हें कोणीं सांगावें? म्हणून आजच त्याच्या रानांत जा. तो काय चुकला ह्याची यादी घेऊन जाऊं नका. तो कोणावर प्रीति करितो, हें त्याला विचारा, आणि त्याचें उत्तर संपेपर्यंत ऐका. ज्याच्या हातास तुम्ही आज बळ द्याल, तोच उद्यां रानांत पडलेल्या परक्यास पाणी पाजील, आणि मागें राहिलेल्या थकलेल्यांचा वांटा राखून ठेवील.

जो देव दाविदाला राखेंतून उठवितां झाला, तो आपणां सर्वांचीं अंतःकरणें आपल्या ठायीं स्थिर करो. आमेन.